सोलापूरचा माल : लांबचा रुळांवरून, जवळचा विजेच्या ट्रकमधून

मा. संपादक,
स. न. वि. वि.

पीएम ई-ड्राइव्ह योजनेखाली विजेवर चालणाऱ्या मालट्रकच्या खरेदीसाठी प्रत्येक ट्रकमागे कमाल ९ लाख ६० हजार रुपयांपर्यंत साहाय्य देण्याचे केंद्र सरकारने जुलै २०२५ मध्ये जाहीर केले. तेव्हापासून आमच्या यंत्रमागधारकांत आणि ट्रान्सपोर्टवाल्यांत हे ट्रक सोलापूरला परवडतील का, याची चर्चा सुरू आहे. ट्रक परवडतो की नाही हे त्याच्या इंजिनावर जेवढे ठरते, त्याहून अधिक तो कोणता माल किती अंतर नेतो यावर ठरते. सोलापूरच्या बाबतीत तर या चर्चेत रेल्वेला धरल्यावाचून उत्तरच निघत नाही, म्हणून हे पत्र.

आधी ट्रकचा हिशेब पाहू. भरलेला मोठा डिझेल ट्रक एका लिटरमध्ये साडेतीन ते चार किलोमीटर जातो. डिझेलचा दर नव्वद रुपयांच्या आसपास धरला, तरी किलोमीटरला बावीस ते सव्वीस रुपये इंधनावर जातात. त्याच वजनाच्या विजेच्या ट्रकला किलोमीटरमागे साधारण सव्वा ते दीड युनिट लागते, म्हणजे दहा-बारा रुपये युनिटने तेरा ते अठरा रुपये. बचत खरी आहे, परंतु ट्रकची किंमत डिझेल ट्रकच्या दुप्पट-तिप्पट असल्याने बँकेचा हप्ताही तसाच मोठा असतो आणि तो फिटायचा तर चाक रोज फिरले पाहिजे. लांब पल्ल्याच्या धंद्यात नेमके तेच हातात नसते. दिल्ली किंवा कोलकात्याकडे माल घेऊन गेलेला ट्रक परतीच्या भाड्यासाठी तिकडच्या अड्ड्यावर दोन-दोन दिवस उभा राहतो, प्रसंगी रिकामाच परततो. डिझेल ट्रकचा मालक हे कसेबसे सोसतो. दुप्पट हप्त्याच्या ट्रकमालकाला ते सोसणार नाही.

याउलट होटगीच्या सिमेंट कारखान्यांतून निघणारा माल, साखर कारखान्यांतून गोदामांकडे जाणारी पोती, चिंचोळी आणि अक्कलकोट रस्ता एमआयडीसीतून निघणाऱ्या चादरी-टॉवेलांच्या गाठी यांच्या फेऱ्या ठरलेल्या असतात. अंतर माहीत, वेळ माहीत आणि रात्री ट्रक मुक्कामाला घरी. अशा कामावर विजेचा ट्रक आजही उभा करता येईल, असे माझे स्पष्ट मत आहे.

बॅटरीचे वजन हाही मुद्दा आहेच. तीनशे युनिटची बॅटरी सुमारे दोन टन भरते आणि भरल्या ट्रकला दीडशे-दोनशे किलोमीटर नेते. कार्टनमध्ये भरलेल्या टॉवेलांचा ट्रक वजनाच्या आधी आकारानेच भरतो, त्यामुळे आम्हांला हे दोन टन फारसे जाणवणार नाहीत. सिमेंट किंवा साखर नेणाऱ्याला मात्र ते प्रत्येक फेरीत जाणवतील. पुणे सोलापूरपासून अडीचशे किलोमीटर असल्याने टेंभुर्णी ते भिगवणच्या दरम्यान एकदा थांबून चार्जिंग करणे आले. चालक जेवायला थांबतोच, त्या वेळात हे होऊ शकते. परंतु एका ढाब्याजवळ दहा ट्रक एकाच वेळी प्रत्येकी २४० किलोवॉटच्या चार्जरवर लागले, तर २,४०० किलोवॉटचा भार उभा राहतो. एक अश्वशक्तीची मोटर धरली तर हा तीन हजारांहून अधिक यंत्रमागांचा भार झाला. थोडासा वाढीव भार मंजूर करून घेण्यासाठी किती हेलपाटे घालावे लागतात, हे ज्याने अनुभवले आहे त्याला महामार्गावर अशी चार्जिंग केंद्रे एका वर्षात उभी राहतील हे खरे वाटणार नाही. उपकेंद्रांची आणि वाहिन्यांची कामे आधी, ट्रक नंतर, असाच क्रम लागेल.

आता रेल्वेकडे वळू. सोलापूरला आगगाडी १८६० मध्ये आली आणि आज पुणे–सोलापूर–वाडी हा मार्ग दुहेरी असून त्याचे विद्युतीकरणही झाले आहे. ट्रकला जी बॅटरी पाठीवर वाहावी लागते, तिची रेल्वेच्या इंजिनाला गरजच नाही. डोक्यावरच्या २५ हजार व्होल्टच्या तारेतून ते लागेल तेवढी वीज घेते. पोलादी रुळावर पोलादी चाक फिरताना होणारा विरोध रस्त्यावरच्या रबरी टायरच्या तुलनेत कित्येक पटींनी कमी असतो. झाकलेल्या वाघिणींचा एक पूर्ण रेक, म्हणजे अख्खी मालगाडी, अडीच हजार टनांच्या आसपास माल ओढतो, म्हणजे पंचवीस टनी ट्रक धरले तर शंभर ट्रकचा माल. बोरघाटात कर्जत ते लोणावळा चढताना सदतीस फुटांना एक फूट असा चढ आहे आणि तेथे मागून ढकलायला जादा इंजिने लावावी लागतात, हे खरे. परंतु सोलापूरहून न्हावाशेवा बंदराकडे जाणारा भरलेला माल तो घाट उतरतो, आणि आजची विद्युत इंजिने उतारावर ब्रेक लावताना वीज पुन्हा तारेत सोडतात. थोडक्यात, लांब पल्ल्याची विजेवरची मालवाहतूक हे उद्याचे स्वप्न नाही. ती आपल्या स्टेशनावरून रोज जाते आहे. जिल्ह्यातल्या फताटेवाडीच्या वीज प्रकल्पाचा कोळसासुद्धा रेल्वेनेच येतो.

मग आमच्या चादरी-टॉवेलांच्या गाठी महामार्ग क्रमांक ६५ वरून ट्रकनेच का जातात? त्याचे कारण रेल्वेच्या मालधक्क्यावर उभे राहिले की कळते. कारखान्यात माल टेम्पोत चढतो, मालधक्क्यावर उतरतो, पुन्हा वाघिणीत चढतो, पलीकडे पुन्हा उतरतो आणि पुन्हा टेम्पोत चढतो. प्रत्येक चढउतारीला हमाली वेगळी. हुक लागून गाठीचे गोणपाट फाटले की आतली चादर डागाळते आणि व्यापारी ती गाठ परत पाठवतो. पावसाळ्यात छप्पर अपुरे असेल तर ताडपत्रीखाली माल ठेवून आभाळाकडे पाहत बसावे लागते. रेक ठरलेल्या तासांत भरून किंवा रिकामा करून दिला नाही तर डेमरेजचा दंड, माल धक्क्यावर पडून राहिला तर व्हार्फेजचा दंड. ट्रान्सपोर्टवाला मात्र कारखान्याच्या दारात येतो, दहा गाठी असल्या तरी बिल्टी (मालाची पावती) फाडतो आणि माल कधी पोहोचेल तो दिवस सांगतो. चाळीस माग चालवणाऱ्या माणसाकडे अख्खा रेक भरण्याइतका माल एका वर्षातही होत नाही. वीस वाघिणींच्या मिनी रेकची सोय रेल्वेने केली आहे, पण ती सिमेंट-साखरवाल्यांच्या कामाची आहे, आमच्या नव्हे.

चढउताराचा हा त्रास आपल्या जिल्ह्याला नवा नाही. १८९७ मध्ये सुरू झालेल्या बार्शी लाइट रेल्वेचा रूळ अडीच फुटी होता, आणि कुर्डुवाडीला पोहोचलेला माल तेथे छोट्या वाघिणींतून काढून मोठ्या वाघिणींत भरावा लागे. रूळ रुंद करूनच ती अडचण सुटली. आजची अडचण कंटेनरने सुटू शकते : कारखान्याच्या दारात भरून कुलूप लावलेली पेटी ट्रकवरून थेट गाडीवर, आणि मध्ये कोणी गाठीला हात लावायचा नाही.

थोडा थोडा माल रेल्वे नेऊ शकते की नाही, याचेही उत्तर आपल्या जिल्ह्यानेच देऊन ठेवले आहे. ऑगस्ट २०२० मध्ये देवळाली–दानापूर ही पहिली किसान रेल सुटली आणि त्याच वर्षी २८ डिसेंबरला शंभरावी किसान रेल आपल्या सांगोल्याहून पश्चिम बंगालमधील शालीमारकडे रवाना झाली. तीत शेतकऱ्याला पूर्ण वाघीण भरण्याची अट नव्हती, वाटेतल्या स्थानकांवर माल चढवता-उतरवता येत होता आणि गाडीला वेळापत्रक होते. फळे-भाज्यांवर भाड्यात पन्नास टक्के सवलत होती, ती पुढे बंद झाली आणि गाड्याही आटल्या. सवलतीवर पुष्कळ चर्चा झाली, पण माझ्या दृष्टीने त्या गाडीचे मोल वेळापत्रकात आणि थोडा माल स्वीकारण्यात होते. डाळिंब दोन दिवस उशिरा पोहोचले तर नासते. टॉवेल नासत नाही, परंतु निर्यातीचे जहाज चुकले तर आमचा पुढचा सौदा जातो.

वीज शेवटी कोळशाचीच ना, असेही कोणी म्हणेल. काही प्रमाणात ते खरे आहे. पण एक टन माल तितकाच दूर नेण्यासाठी रेल्वेला ट्रकच्या मानाने फार कमी ऊर्जा लागते, म्हणून वीज कोळशाची असतानाही फायदा उरतो. ट्रक एमआयडीसीत माल भरायला दिवसा उभे असतात आणि सौर वीजही दिवसाच मुबलक असते, तेव्हा चार्जर महामार्गाआधी तेथे बसवणे शहाणपणाचे ठरेल. राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमात प्रदूषित शहरांच्या यादीत सोलापूरचे नाव आहे आणि जड वाहनांनी शहरात घेतलेले बळी आपण सर्वांनी पाहिले आहेत, हेही येथे नमूद केले पाहिजे.

म्हणून रेल्वे प्रशासनाकडे माझी मागणी अशी की, आठवड्यातून निदान दोनदा ठरलेल्या वारी व ठरलेल्या वेळी सोलापूरहून न्हावाशेवाकडे कंटेनर गाडी सोडावी, तीत एका पेटीचेही बुकिंग घ्यावे आणि पेटी पूर्ण न भरणाऱ्या पाच-दहा कारखानदारांना मिळून एक पेटी भरता यावी. गाडी अर्धी रिकामी असली तरी पहिले वर्षभर ती वेळेवर सुटली पाहिजे, कारण वेळ पाळली जाते हे दिसल्याशिवाय कोणताही व्यापारी आपला ट्रान्सपोर्टवाला सोडणार नाही. मालधक्क्यावर पुरेसे छप्पर आणि पेटी उचलणारी यंत्रणा हवी. एमआयडीसी व महावितरण यांनी मिळून दोन्ही औद्योगिक वसाहतींत आणि मार्केट यार्डात चार्जिंगसाठी वाहिनी टाकावी. ट्रकमालक बांधवांनाही सांगणे आहे की, या गाडीने त्यांचे काम जाणार नाही. दिल्लीच्या एका फेरीऐवजी एमआयडीसी ते मालधक्का अशा रोजच्या फेऱ्या त्यांना मिळतील, आणि विजेच्या ट्रकचा हप्ता फिटायला तशाच फेऱ्या लागतात. आमच्या यंत्रमागधारकांच्या संघटनांनी आठवड्याला किती पेट्या देता येतील याचे लेखी आकडे गोळा करून रेल्वेच्या सोलापूर विभागाकडे सादर करावेत. त्या कामात मी माझ्या कारखान्याचा आकडा सर्वप्रथम द्यायला तयार आहे.

आपला,
एक यंत्रमागधारक,
अक्कलकोट रस्ता, सोलापूर