नाना, मागचं डिफरन्शियल बसलं, आता हे जाहीर आभार घ्याच

नाना, तोंडावर थँक्यू म्हटलं की तुम्ही लगेच "चहा सांग" म्हणून विषय बदलता, म्हणून इथं सगळ्यांसमोर लिहितोय.

आमची 2004 ची पिकअप, नारायणगाव मार्केटला टोमॅटो आणि मधूनअधून माळशेज उतरून कल्याणला भाजी. पन्नासच्या पुढं गेलं की मागच्या डिफरन्शियलमधून, म्हणजे इंजिनाची ताकद मागच्या दोन चाकांना वाटून देणाऱ्या गिअरच्या गोळ्यातून, घूंऽऽ आवाज, अ‍ॅक्सिलरेटर सोडला की बंद, दाबला की परत चालू. एका गॅरेजवाल्यानं गाडीखाली न वाकताच सांगितलं पूर्ण हौसिंग (त्या गोळ्याचं लोखंडी कवच) बदला, आणि आकडा असा सांगितला की वडील म्हणाले गाडीच विकून टाक. तुम्ही दापोडीच्या एसटी वर्कशॉपमधे आयुष्य काढलेला माणूस, आधी शेजारी बसून आवाज ऐकलात, मग खाली झोपून शाफ्टचा क्रॉस (पुढून मागं ताकद आणणाऱ्या दांड्याचा सांधा) हलवून बघितला आणि म्हणालात क्रॉस ठीक आहे, दाबल्यावरच ओरडतंय म्हणजे क्राऊन-पिनियनचे (आतल्या मोठ्या आणि छोट्या दातेरी चाकांचे) दात खाल्लेत, नुसतं बेअरिंग असतं तर सोडल्यावर पण गुणगुणलं असतं. ड्रेन प्लग (ऑइल सोडायचं बूच) काढला तर ऑइल जेमतेम पेलाभर, काळंकुट्ट आणि त्यात चांदीची भुकटी टाकल्यासारखी चकाकी. हौसिंगला मात्र काहीच झालं नव्हतं!

मग कुर्ल्याला जुन्या पार्टवाल्याला फोन लावला, तो म्हणे सेम टू सेम आहे शेठ, पाठवून देतो. तुम्ही फोन हातात घेऊन एवढंच विचारलंत, क्राऊनला दात किती, पिनियनला किती. त्याचे निघाले 37 आणि 9, आपले 41 आणि 8. म्हणजे त्याचा रेशो (क्राऊनचे दात भागिले पिनियनचे) 4.11, आपला 5.12. बसलं असतं बरोब्बर, पण ओढ कमी पडून भरली गाडी घाटात रडली असती आणि स्पीडोमीटर पण खरं स्पीड दाखवत बसला नसता, कमीच दाखवला असता. मला तर हे डोक्यातच आलं नसतं. दुसरीकडं 41-8 मिळालं तेव्हाही तुम्ही क्राऊन आणि पिनियनवरचा जोडीचा नंबर जुळवल्याशिवाय पैसे देऊ दिले नाहीत, कारण ते दोन्ही एकमेकांवर घासून तयार केलेले असतात, एक इकडचा एक तिकडचा चालत नाही. डायल गेज (काट्याचं मोजमापाचं यंत्र) लावून दातांमधला प्ले, म्हणजे ढिलेपणा बघणं, शिम (पातळ चकत्या) बदलणं, दात कुठं टेकतात ते कळायला त्यांना निळा रंग लावून परत फिरवणं, हे सगळं तुम्ही ज्या निवांतपणे करत होता ते बघून मलाच घाई सुटली होती, खोटं कशाला बोलू.

पण खरे आभार त्या ब्रीदरसाठी. हौसिंगमधली हवा बाहेर सोडणारा तो बोटाच्या पेराएवढा तुकडा, चिखलानं गच्च बुजलेला, तुम्ही तारेनं टोकरून फुंकलात आणि मला पण फुंकायला लावलं. गाडी तापली की आतली हवा फुगते, तिला वाट नाही, मग ती पिनियनच्या सीलमधून (ऑइल अडवणाऱ्या रिंगमधून) ऑइल बाहेर ढकलते. सील तर आधीच्या गॅरेजनं नवीन टाकून दिलं होतं, तरी परत गळलं, आणि सगळ्यांनी सीललाच ड्युप्लिकेट ठरवलं. ब्रीदर तसाच राहिला असता तर हे डिफरन्शियल पण कोरडं होऊन गेलंच असतं.

तुम्ही सांगितल्याप्रमाणे जीएल-5 दर्जाचं नव्वद नंबर गिअर ऑइल भरायच्या भोकातून बाहेर येईपर्यंत भरलं, त्याचा तो गंधकाचा वास अजून शर्टाला आहे, आई धुवायला तयार नाही. सुरवातीला गाडी रिकामीच फिरवली, थांबवून थंड होऊ दिली, आता 800 किलोमीटर झाले की ऑइल बदलतो. काल कल्याणहून येताना घाट आरामात चढली, आवाज शून्य.

मजुरी तुम्ही घेतली नाहीत, ते काय आम्हाला पटलेलं नाही, वडील स्वतः येऊन बोलणार आहेत तेव्हा तयारीत राहा. डायल गेज माझ्याकडंच राहिलाय, रविवारी आणून देतो, आणि आता मागचा आवाज गेल्यामुळं पुढच्या उजव्या चाकातला ऐकू यायला लागलाय, तो पण जरा बघा.