झेब्रा क्रॉसिंगबाहेरचा माणूस

मा. संपादक,

विनाचालक गाडीचे ब्रेक निकामी झाले तर तिने म्हाताऱ्याला वाचवावे की मुलाला, या कोड्याभोवतीच आपली चर्चा घुटमळते. अमेरिकेतील एमआयटी या तंत्रविद्यापीठाच्या 'मॉरल मशीन' या ऑनलाइन प्रयोगात असेच प्रश्न विचारून २३३ देश-प्रदेशांतून सुमारे ४ कोटी निर्णय गोळा झाले. निष्कर्ष २०१८ मध्ये 'नेचर' या विज्ञानपत्रिकेत आले. जपान-तैवानच्या गटात तरुणांना झुकते माप देण्याचा कल इतरांपेक्षा कमी दिसला, याची बातमी झाली. त्याच अभ्यासातली दुसरी नोंद मात्र आपल्या जास्त कामाची आहे: गरीब आणि कायद्याची अंमलबजावणी ढिली असलेल्या देशांतले लोक नियम मोडून रस्ता ओलांडणाऱ्याला अधिक सांभाळून घेतात. (उत्तरे देणारे बहुतेक तरुण, शिकलेले पुरुष होते, हेही ध्यानात ठेवावे.)

गाडीच्या सॉफ्टवेअरमध्ये संस्कृती शिरते ती नेमकी इथे. मार्च २०१८ मध्ये अमेरिकेत टेम्पी येथे उबर कंपनीच्या चाचणीतील स्वयंचलित गाडीने सायकल ढकलत रस्ता ओलांडणाऱ्या महिलेचा बळी घेतला. सरकारी चौकशीत निघाले ते असे: रडारने तिला ५.६ सेकंद आधी टिपले होते. पण क्रॉसिंगबाहेरही पादचारी असू शकतो, हे त्या प्रणालीला शिकवलेलेच नव्हते. म्हणून प्रणालीच्या लेखी ती महिला कधी 'वाहन', कधी 'इतर वस्तू', कधी 'सायकल' ठरत गेली. ओळख बदलली की तिच्या हालचालीची आधीची नोंद बाद व्हायची आणि ती कुठे निघाली आहे याचा अंदाज चुकायचा. त्यात विनाकारण ब्रेक लागू नयेत म्हणून एका सेकंदाचा विलंब मुद्दाम ठेवलेला. गाडीपुढे नैतिक पेच उभाच राहिला नाही. माणूस कुठून चालेल हे कोणीतरी आधीच गृहीत धरले होते.

हे गृहीतक आपल्या रस्त्यांवर आणून पाहा. दुभाजकाच्या फटीतून येणारी शाळकरी मुले, उलट्या दिशेने येणारी हातगाडी, मध्येच बसलेली गाय. गाडीच्या प्रणालीला रस्त्यावरचे काय ते ओळखायला शिकवण्यासाठी छायाचित्रांचे संच वापरतात. हैदराबादच्या आयआयआयटी या माहिती-तंत्रज्ञान संस्थेने तयार केलेल्या भारतीय रस्त्यांच्या अशा चित्रसंचात सुमारे १०,००० चित्रे आणि वस्तूंचे ३४ वर्ग (प्रकार) आहेत. रिक्षा आणि जनावरांना त्यात स्वतंत्र वर्ग आहे. जर्मन शहरांवर बेतलेल्या अशाच एका संचात रिक्षा हा वर्गच नाही.

पूर्ण विनाचालक गाडी आपल्याकडे येईल तेव्हा येईल. आपोआप ब्रेक लावणाऱ्या गाड्या मात्र आजच विकल्या जात आहेत. त्यांना मंजुरी देताना केंद्रीय परिवहन मंत्रालयाने क्रॉसिंगबाहेरचा पादचारी, रात्रीची सायकल, रिक्षा आणि जनावर यांच्या चाचण्या सक्तीच्या कराव्यात. कोणत्या वेगाला गाडी थांबली आणि कोणत्या वेगाला नाही, ते आकडे ग्राहकाला शोरूममध्येच मिळावेत.

– वाहनसुरक्षा क्षेत्रातील एक वाचक, पिंपरी