विषय : घरी बसवलेल्या सिक्युरिटी अलार्मचा मुख्य दाराचा सेन्सर परस्पर बंद ठेवणे, चालवण्याची माहिती न देणे व बॅटरीबाबत चुकीची हमी देणे

प्रति,
मा. व्यवस्थापक,
ग्राहक सेवा विभाग

महोदय,

गेल्या वर्षी दिवाळीच्या आधी आम्ही तुमच्या कंपनीकडून सांगलीतल्या गावभागातल्या आमच्या घरासाठी अलार्म सिस्टीम घेतली. एक पॅनेल, कीपॅड, दोन रिमोट, सायरन, पुढच्या-मागच्या दारांना आणि दोन खिडक्यांना चुंबकाचे सेन्सर, शिवाय सोप्यात आणि जिन्याखाली माणसाची हालचाल टिपणारे सेन्सर. बिल 28,500 रुपये, वर्षाच्या देखभालीचे 3,000 वेगळे. पैसे एकरकमी दिले आहेत.

यंत्र बिघडलंय अशी माझी तक्रार नाही. हे आधीच लिहिते, कारण फोन केला की तुमच्याकडची माणसं दर वेळी "मॅडम, सिस्टीम तर ओके दाखवतेय" म्हणून विषय संपवतात. असेल ओके. पण ती आमच्या हातात तुम्ही कधी दिलीच नाही. कुठलं बटण कशाला, कुठला सेन्सर चालू, कुठला बंद, फोन कुणाला जातो, वीज गेली तर किती वेळ चालेल, यातलं काहीही आम्हाला सांगितलं गेलं नाही, आणि जे सांगितलं त्यातलं बरंचसं खरं निघालं नाही.

आधी पुढच्या दाराचं लिहिते, कारण त्यावरून आम्ही सगळ्यात जास्त बोलणी खाल्ली आहेत. बाहेरून आल्यावर दार उघडलं की कीपॅड बीप बीप करतो आणि कोड टाकायला 30 सेकंद मिळतात, असं तुमच्या प्रतिनिधीने विकताना करून दाखवलं होतं. उन्हाळ्यापर्यंत तसं चाललंही. पाऊस लागला आणि नवीनच सुरू झालं. दार उघडून सोप्यात पाऊल टाकायचा अवकाश, बीप नाही, काही नाही, थेट सायरन. हातात भाजीच्या पिशव्या, खांद्याला छत्री, आणि डोक्यावर तो आवाज. बरं, तो आपोआप थांबतही नाही, कोड टाकेपर्यंत वाजतच राहतो. तुमच्या हेल्पलाइनवर विचारलं तर उत्तर काय, "तुम्ही कोड उशिरा टाकताय." साहेब, मी बँकेत कॅशियर होते. चार आकडे टाकायला मला उशीर लागत नाही.

मग माझ्या भाच्याने हे प्रकरण हातात घेतलं. तो इथेच वालचंदला इलेक्ट्रॉनिक्स शिकतो. त्याने सगळ्यांना अंगणात काढलं, सिस्टीम चालू केली, मिनिटभर थांबला, पुढचं दार सताड उघडलं आणि उंबऱ्यावर नुसता उभा राहिला. कीपॅड गप्प. मग त्याने एक पाय आत टाकला आणि सायरन सुरू. बंद करून तोच प्रयोग मागच्या दाराने केला, तर दार उघडताक्षणी बीप सुरू आणि कोड टाकायला पूर्ण अर्धा मिनिट. म्हणजे सिस्टीमला पुढचं दार दिसतच नव्हतं! सवलतीचे ते 30 सेकंद दार उघडलं की मोजायला लागतात. दाराची नोंदच झाली नाही, तर आत दिसलेला माणूस सिस्टीमच्या हिशेबी चोरच. सोप्यातला सेन्सर त्याचं काम चोख करत होता, आणि शिव्या आम्हाला बसत होत्या.

पुढच्या भेटीत तुमच्या तंत्रज्ञाला हे विचारलं, तेव्हा त्याने सहज सांगून टाकलं. पावसात दार फुगलं, नीट बसेना, चुंबक सेन्सरपासून लांब राहायला लागलं, त्यामुळे सिस्टीम चालूच होत नव्हती, म्हणून त्याने स्वतःचा कोड टाकून आतल्या मेनूतून त्या दाराचा झोनच, म्हणजे सिस्टीमने त्या दाराच्या सेन्सरकडे लक्ष ठेवणंच, बंद करून टाकलं. कुणाला विचारून? आमचं दार जुन्या सागवानाचं आहे. ते दर पावसाळ्यात फुगतं. नदीकाठच्या जुन्या घरांत राहणाऱ्या कुणालाही ते नवीन नाही. असल्या सेन्सरमध्ये चुंबक साधारण दीड-दोन सेंटीमीटरच्या आत असावं लागतं, हे त्याला माहीत होतं. चुंबकाखाली लाकडाची पातळ पट्टी ठोकायची किंवा जास्त अंतर चालणारा सेन्सर लावायचा, एवढंच काम होतं. त्याऐवजी त्याने मुख्य दारच मोजणीतून काढलं, आणि आम्हाला शिकवलेलं काय, तर "लाल दिवा लागला की घर बंद". लाल दिवा रोज लागत होता. आम्ही पावसाळाभर तो बघून निर्धास्त होतो.

आता रात्रीचं. सासूबाईंचं वय 84 आहे. रात्री त्यांना न्हाणीकडे जावं लागतं आणि वाट जिन्याखालच्या सेन्सरसमोरून जाते. सिस्टीम चालू ठेवली की सायरन ठरलेला. एकदा तर त्या घाबरून तिथेच खाली बसल्या. त्यानंतर आम्ही रात्री सिस्टीम बंदच ठेवायला लागलो, म्हणजे ज्या वेळेसाठी ती घेतली त्याच वेळी ती झोपलेली. यावर तुमच्या माणसाचा सल्ला काय, "आजींना सांगा की कमी उठा." हे वाक्य मी जसंच्या तसं लिहिलं आहे.

याचं उत्तर त्या रिमोटवरच होतं. चार बटणांपैकी आम्हाला कुलुपाची दोनच दाखवली होती, चालू आणि बंद. तिसऱ्यावर घराचं चित्र आहे. ते दाबलं की घरातले हालचालीचे सेन्सर बाजूला राहतात आणि फक्त दारं-खिडक्या जाग्या राहतात. म्हणजे माणसं घरात असताना वापरायची सोय ती हीच! चौथं बटण धोक्याचं, सिस्टीम बंद असली तरी दाबल्यावर सायरन वाजतो. घरात एकट्या असणाऱ्या म्हाताऱ्या माणसाच्या उशाशी ठेवायची खरी वस्तू ती, आणि आम्ही आजवर तिला हात लावत नव्हतो, उगीच काही बिघडेल म्हणून. दोन्ही बटणांचा उलगडा भाच्याने केला, तुमच्या कंपनीने नाही. आणि एक लक्षात घ्या, रात्रीच्या त्या पद्धतीत सगळी भिस्त दारांवर असते. पुढचं दार तुम्ही बंद करून ठेवलेलं असताना आम्ही ते बटण रोज वापरलं असतं, तरी पुढच्या दाराने कुणीही आत आला असता आणि एक बीपसुद्धा वाजली नसती.

बॅटरीचा विषय सांगलीकरांसाठी तरी लहान नाही. ही सिस्टीम आम्ही मुख्यतः पुरामुळे घेतली. 2019 साली आयर्विन पुलापाशी कृष्णेची पातळी 57 फुटांवर गेली होती, धोक्याची पातळी 45 असताना. तेव्हा घराला कुलूप लावून आम्ही विश्रामबागेत नातेवाइकांकडे गेलो होतो आणि गल्ली दिवसेंदिवस रिकामी होती. पाणी वाढलं की महावितरण खबरदारी म्हणून आमच्या भागाची वीज बंद करतं, तेही बरोबरच आहे. म्हणून मी तुमच्या प्रतिनिधीला एकच प्रश्न विचारला होता, वीज गेल्यावर हे किती वेळ चालेल? त्याने बिलावर स्वतःच्या अक्षरात लिहून दिलं, "बॅटरी बॅकअप 24 तास". यंदा पाणी चढायला लागलं तसं आम्ही पुन्हा घर सोडलं. वीज संध्याकाळी गेली, आणि पॅनेलच्या नोंदीप्रमाणे मध्यरात्रीच्या आत सिस्टीमही बंद पडली. पुढचा सगळा वेळ घरावर फक्त कुलूप होतं.

भाच्याने पॅनेलचं झाकण उघडून बघितलं. आत 12 व्होल्टची बॅटरी आहे, पण 1.3 एएचची (एएच म्हणजे अँपिअर-तास, बॅटरीत वीज किती साठते त्याचं माप). वीज नसताना पॅनेल, सेन्सर आणि सिमकार्डचा भाग मिळून 210 मिलिअँपिअर घेतात, हे त्याने मीटर लावून दाखवलं. 1.3 ला 0.21 ने भागा. सहा तासांच्या थोडं वर उत्तर येतं, तेही कागदावर आणि बॅटरी नवी असताना. 24 तास चालवायचं तर पाच एएचच्या वर लागतात, म्हणजे 7 एएचची बॅटरी हवी, जी घरोघरच्या यूपीएसमध्ये असते आणि कुठल्याही दुकानात मिळते. एवढा भागाकार तुमच्याकडे कुणी केला नव्हता, की केला होता आणि तरी 24 लिहिलं?

आणखी एक. आमच्या सोप्याच्या भिंतीवर 2019 च्या पाण्याची रेघ अजून आहे. मी ती तुमच्या माणसाला बोटाने दाखवली होती. पॅनेल त्याने तिच्या हातभर खाली लावलं. म्हणे वायर पुरत नव्हती.

सिमकार्डचंही सांगते. अलार्म वाजला की सिस्टीम ज्या नंबरांना फोन करते, त्यात पहिला नंबर तुमच्या तंत्रज्ञाचा आहे. बसवताना चाचणीसाठी टाकला आणि तसाच राहिला. यजमानांचा नंबर दुसरा. पहिल्याने फोन उचलला की दुसऱ्याला जात नाही, आणि मेसेज तर फक्त पहिल्यालाच जातात. तो मुलगा आता तुमच्याकडे नोकरीलाही नाही. पुराच्या रात्री वीज गेल्याचा आणि बॅटरी उतरल्याचा मेसेज त्याच्या मोबाइलवर गेला असणार, आणि त्याने तो बघून काय करायचं? आम्ही घरात नाही ही बातमी मात्र त्याला न मागता मिळाली. शिवाय आमच्याच गल्लीत तुम्ही आणखी एका घरी सिस्टीम बसवली आहे. त्यांना दिलेला चार आकडी कोड आणि आम्हाला दिलेला कोड एकच आहे. आमचा आम्ही आता बदलला. तंत्रज्ञाचा जो वरचा कोड असतो, जो आम्हाला कधी सांगितलेलाच नाही, तोही सगळीकडे एकच असेल तर त्याचा अर्थ काय होतो ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त कळतं.

या सगळ्यात शेजाऱ्यांना झालेला त्रास मी बिलात धरत नाही. पण शेजारच्या काकू परवा म्हणाल्या ते तुमच्या कानावर घालते. "आता तुमच्याकडे खरंच चोर आला ना, तरी आम्ही कूस बदलून झोपू." अलार्मचा निम्मा उपयोग शेजारी जागे होण्यात असतो. तो आमच्या गल्लीत संपल्यात जमा आहे.

आता आम्हाला काय हवं ते. पुढच्या दाराला योग्य सेन्सर बसवून तो झोन चालू करा आणि माझ्यासमोर दार उघडून दाखवा. सायरन काही मिनिटांनी आपोआप थांबेल अशी वेळ लावून द्या. लिहून दिल्याप्रमाणे 24 तास चालणारी बॅटरी तुमच्या खर्चाने घाला आणि पॅनेल रेघेच्या वर न्या. फोनच्या यादीतून परका नंबर काढा. तंत्रज्ञाचा कोड आमच्या घरापुरता वेगळा करा. यापुढे कुठलाही झोन बंद करायचा झाल्यास आमच्या सहीशिवाय करू नका. कुठला झोन कुठल्या दाराचा, याचा तक्ता कीपॅडशेजारी लावा. तुम्ही दिलेली जाडजूड इंग्रजी पुस्तिका मला वाचता येते, सासूबाईंना आणि कामाला येणाऱ्या मावशींना नाही. रोज सिस्टीम हाताळतात त्या दोघी. तेव्हा एक पान मराठीत, मोठ्या अक्षरात हवं, आणि घरातल्या प्रत्येकाकडून एकदा बटणं दाबून घ्यायला कुणीतरी तासभर बसायला हवं. तुम्हीच करून ठेवलेल्या गोष्टी दुरुस्त करायला तुमची माणसं आली तेव्हा दर वेळी 450 रुपये घेतले, तेही परत करा. पावत्या जोडल्या आहेत.

हे पत्र मिळाल्यापासून 15 दिवसांत लेखी उत्तर द्यावं. ग्राहक संरक्षण कायदा 2019 मध्ये सेवेतल्या त्रुटीची जी व्याख्या आहे, तिच्यात ग्राहकापासून जाणूनबुजून माहिती दडवणंही येतं. झोन बंद केल्याचं न सांगता "कोड उशिरा टाकताय" म्हणणं याला दुसरं नाव मला सुचत नाही. उत्तर आलं नाही तर 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंद करून सांगलीच्या जिल्हा ग्राहक आयोगात जाईन. ग्राहक जिथे राहतो तिथे तक्रार करता येते आणि एवढ्या रकमेला शुल्कही पडत नाही, हे मी पाहून ठेवलं आहे. तशी वेळ येऊ नये असं मनापासून वाटतं, कारण दुरुस्त करायच्या या गोष्टी एका दिवसाच्या कामाच्या आहेत.

माणूस पाठवताना आदल्या दिवशी फोन करा, म्हणजे दाराच्या कामासाठी सुतारालाही बोलावून ठेवता येईल. आणि दुपारी दोन ते चार सासूबाई झोपतात, त्या वेळात सायरनची चाचणी नको.

आपली,
(सही)
गावभाग, सांगली

सोबत : मूळ बिलाची प्रत (बॅटरीबाबतच्या हस्ताक्षरासह), भेटींच्या शुल्काच्या पावत्या, बॅटरीचा आणि भिंतीवरच्या रेघेसह पॅनेलचा फोटो