मंत्रीसाहेब, माझ्या गाड्यावरचे ८८ पेपर कुठे गेले?

मा. मंत्रीसाहेब,
सप्रेम नमस्कार.

मी गोव्यातला, तुमच्याच तालुक्यातला पेपरवाला. बसस्टँडच्या बाजूला निळी ताडपत्री बांधलेला गाडा आहे तो माझा. तुम्ही मला ओळखता. १६ नोव्हेंबरला, पत्रकारिता दिनाला, तुम्ही वार्ताहरांसोबत आम्हा चार पेपरवाल्यांनाही स्टेजवर बोलावून शाल-श्रीफळ दिलं होतं, आणि माईकवर म्हणाला होता की माझं दार चोवीस तास उघडं आहे, कितीही कडू प्रश्न विचारा, आणि पावसाआधी या पेपरवाल्यांच्या डोक्यावर पत्र्याची शेड घालून देतो. दोन पावसाळे गेले. शेडचं राहू दे, ताडपत्रीची सवय झालीय. आज मी त्यासाठी लिहीत नाही.

गेल्या मंगळवारी पहाटे पावणेपाचला पार्सल आलं. एका पेपराच्या पहिल्याच पानावर आपल्या डोंगराची बातमी होती, ऑर्चर्डचं, म्हणजे बागायतीच्या जमिनीचं, सेटलमेंट म्हणजे घरं बांधायची जमीन कसं झालं, डोंगर कापणीची परवानगी कोणी दिली, आणि त्यात तुमचं नाव. मी गठ्ठे सोडून पुरवणी घालत बसलेलो, बातमी वाचायला वेळच नव्हता. तेवढ्यात दोघेजण स्कूटरवरून आले. "सगळे दी रे, आमच्या मनशाचो फोटो आयला." असं होतं कधी कधी, कोणाच्या पोराचा नंबर येतो, कोणाच्या आईची श्रद्धांजली असते, लोक पंधरा-वीस अंक एकदम नेतात. म्हणून मला संशय आला नाही. लाइनवरच्या घरांचे ६२ अंक मी दिले नाहीत, ते गिऱ्हाइकांचे, पण गाड्यावर विकायचे ८८ होते ते सगळे दिले. त्यांनी दोन पाचशेच्या नोटा दिल्या आणि सुटे न घेताच गेले.

मग माझा लाइनवरचा पोरगा परत आला. कॉलेजला जातो, पहाटे दोन तास माझ्याकडे पेपर टाकतो. त्याला ओहळाच्या पुलावर अडवलं आणि पिशवीतले त्या पेपराचे ३४ अंक काढून घेतले, हातात पाचशेची नोट कोंबली. पोरगा नोट मुठीत घट्ट धरून माझ्यासमोर उभा, एक शब्द बोलेना. साहेब, तो थरथरत होता. अठरा वर्षांचं पोर ते, त्याने कोणाचं काय वाकडं केलं होतं? मी त्याला पोदेराकडचा, म्हणजे पाववाल्याकडचा, गरम पाव आणि चहा दिला, तो त्याने तसाच ठेवला.

त्या दोघांतला एक मला माहीत आहे. गेल्या निवडणुकीत तुमची पत्रकं पेपरात घालायला तोच पोती घेऊन यायचा. तुम्ही त्याला पाठवलं हे माझ्याकडे लिहून नाही, म्हणून तसं म्हणत नाही. पण बुधवारी वार्ताहरांनी तुम्हाला त्या बातमीबद्दल विचारलं तेव्हा तुम्ही हसत हसत "कोणें वाचली ती खबर?" म्हणून गाडीत बसलात, तो व्हिडिओ सगळ्या तालुक्याने मोबाइलवर बघितला. तुम्हाला कसं कळलं साहेब, की कोणी वाचली नाही?

तुमच्यासाठी तो एक दिवस गेला, पण माझे हाल अजून चालू आहेत. सात वाजल्यापासून फोन सुरू. एक निवृत्त मास्तर आहेत, माझ्या वडिलांच्या वेळेपासूनचं गिऱ्हाईक, ते म्हणाले, "तू पण विकला गेलास रे?" मी ३० वर्षं पहाटे साडेतीनला उठतो. ताप असला तरी उठतो, चवथीच्या दिवशी घरात गणपती असतानाही गाड्यावर असतो, कोरोनात लोक पेपराला हात लावायला भीत होते तेव्हाही मी मास्क बांधून दारोदार जात होतो. एका पेपरामागे मला दीड-दोन रुपये सुटतात. त्यात मी दोन मुलांचं शिक्षण केलं आणि आईचं डायलिसिस केलं, कोणाच्या दारात हात पसरला नाही. आणि मला कोण म्हणतं विकला गेलास, तर ज्यांच्यापुढे मी आजवर मान वर करून बोललो नाही ते मास्तर. ११ घरांनी पेपर बंद केला. पोरगा कामावर यायचा थांबला, आई नको म्हणते त्याची. आता ती लाइन मी स्वतःच मारतो, गुडघा साथ देत नाही तरी.

माझ्या वडिलांनी हाच गाडा चालवला. १९६७ चा ओपिनियन पोल त्यांनी याच जागेवर बघितला. गोवा महाराष्ट्रात जावा की नको यावरून घराघरात भांडणं, एका बाजूला 'गोमन्तक' विलीनीकरणासाठी, दुसऱ्या बाजूला 'राष्ट्रमत' विरोधात, दोन्ही मराठी पेपर, रोज एकमेकांना फाडून खायचे, आणि दोन्ही माझ्या बाबांच्या फळीवर शेजारी-शेजारी ठेवलेले असायचे. बाबा सांगायचे, तिठ्यावर माणसं हातघाईवर यायची पण विरोधातल्या पेपराचा गठ्ठा कोणी उचलून नेला नाही. ३४,०२१ मतांनी विलीनीकरण हरलं, मनाला लागलेली माणसं दुसऱ्या दिवशी गाड्यावर आली आणि दोन्ही पेपर घेऊन गेली. १९८६ च्या जुलैत मांडवीचा पूल पडला तेव्हा फेरीबोटीवरून गठ्ठे यायचे, मी ९ वर्षांचा, बाबांबरोबर भिजत उभा असायचो. उशीर झाला पण पेपर पोचला नाही असं झालं नाही. पूल पडूनही जे थांबलं नाही ते एका स्कूटरने थांबवलं.

आणि हे गोव्यात! भारतातला पहिला छापखाना १५५६ ला जुन्या गोव्यात उतरला, शाळेच्या पोरांनाही माहीत आहे. माझे आजोबा सांगायचे, पोर्तुगीज राजवटीत लग्नपत्रिकासुद्धा सेन्सॉरला दाखवल्याशिवाय छापता येत नव्हती. १८ जून १९४६ ला लोहिया मडगावात उभे राहिले ते बोलायच्या हक्कासाठीच ना? दर वर्षी १८ जूनला तुम्ही हार घालायला जाता, तुमचा फोटो मीच विकतो, पहिल्या पानावरचा.

बातमी खोटी असेल तर खुलासा पाठवा, तो छापायला लावा. बदनामी वाटत असेल तर कोर्टात जा, न्याय संहितेत कलम ३५६ आहे. सरकारलाही कोर्टात हरावं लागलेलं आहे, १९६० ला सरकारने पेपराच्या किमतीवरून त्याची पानं किती ते ठरवायला घेतलं तेव्हा पुण्याचा 'सकाळ' सुप्रीम कोर्टात गेला आणि तो हुकूम रद्द झाला. माझ्याकडे रोज येणाऱ्या एका वकिलांनी मला हे समजावलं. म्हणजे रस्ते सगळे आहेत. लोकांच्या हातात पेपर पोचूच द्यायचा नाही हा रस्ता कुठल्या कायद्यात आहे ते सांगा.

गाड्यावर उभं राहून सगळं कळतं साहेब. वार्ताहर इथेच चहा पितात. कोणाला तुमच्या व्हॉट्सअॅप ग्रुपमधून काढलं, कोणाच्या मालकाला फोन गेला, सगळं ऐकतो. प्रश्न विचारला की ग्रुपमधून बाहेर, मग तुम्ही फेसबुकवर लाइव्ह येऊन एकटेच बोलता. तुमच्या वाढदिवसाला पेपर जड होतो, पानंच्या पानं शुभेच्छांच्या जाहिराती, त्या दिवशी सायकलच्या कॅरियरवर गठ्ठा मावत नाही. आणि ज्या पेपरात डोंगराची बातमी येते तो हलका होत जातो, जाहिराती गळतात, हे मला तराजू न लावता हाताला कळतं. तो पैसा सरकारी असतो तेव्हा तो आमचा असतो.

आणि तुम्ही एकटे नाही, हे मी जाणतो. या पक्षाचे, त्या पक्षाचे, सगळे तसेच. २०१९ ला काँग्रेसचे १० आमदार एका रात्रीत भाजपात. २०२२ ला काँग्रेसच्याच उमेदवारांनी देवळात, चर्चमध्ये, दर्ग्यात जाऊन फुटणार नाही म्हणून शपथ घेतली आणि सप्टेंबरात ११ पैकी ८ गेले. खाणींचं काय झालं? बेकायदा खाणींची चौकशी करणाऱ्या शहा आयोगाने ३५ हजार कोटींच्या आसपास नुकसानीचा आकडा सांगितला होता, किती वसूल झाले ते एक तरी मंत्री वार्ताहरांसमोर बसून सांगतो का? पेपर स्वातंत्र्याच्या यादीत १८० देशांत आपण १५१ वे, २०२५ चा आकडा आहे. माहिती हक्काचा कायदा गोव्याने केंद्र सरकारच्या ८ वर्षं आधी, १९९७ ला केला होता. ते करणारेही गोव्याचेच राजकारणी होते ना? मग आता काय झालं?

माझं मागणं फार नाही. एक दिवस बसा, आपल्याच सभागृहात, सगळ्या वार्ताहरांना बोलवा, ग्रुपमधून काढलेल्यांनाही, आणि डोंगराच्या प्रश्नाचं उत्तर द्या. कुठल्या पेपराला सरकारी जाहिरातीचे किती पैसे दिले ते खात्याच्या वेबसाइटवर लावा. आणि त्या पोराच्या घरी जाऊन त्याच्या आईला सांगा की पुन्हा त्याला कोणी अडवणार नाही.

एक हिशेब राहिला. ८८ अंकांचे सहा रुपयांप्रमाणे ५२८ झाले, त्यांनी १००० दिले. पोराकडच्या ३४ चे २०४, दिले ५००. म्हणजे ७६८ रुपये जास्तीचे माझ्याकडे आहेत. पाकिटात घालून गल्ल्याच्या खाली ठेवलेत, त्यातला एक रुपया मी वापरलेला नाही. ज्याचे असतील त्याने दिवसाउजेडी येऊन, नाव सांगून घेऊन जावेत. मी दुपारी बारापर्यंत असतो.

तुमचा मतदार,
बसस्टँडजवळचा पेपरवाला