निवड चाचणीआधी मैदान मोजा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाच्या आंतरमहाविद्यालयीन मैदानी स्पर्धांचे दिवस जवळ आले, की जळगाव, धुळे आणि नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांत तयारी सुरू होते. या स्पर्धांतून विद्यापीठाचा संघ निघतो आणि तोच पुढे ‘अश्वमेध’ या राज्य आंतरविद्यापीठ क्रीडा महोत्सवात आणि अखिल भारतीय आंतरविद्यापीठ स्पर्धेत उतरतो. खान्देशात सिंथेटिक ट्रॅक हवेत, ही मागणी रास्तच आहे आणि आम्हीही ती करत आलो आहोत. मात्र त्याआधी, याच हंगामात आणि फार थोड्या पैशांत होण्यासारखे एक काम आहे. ज्या मैदानावर निवड होते ते नीट मोजलेले असावे आणि वेळ नीट घेतलेली असावी. आज अनेक ठिकाणी या दोन्ही गोष्टी अंदाजाने चालतात आणि त्यात चांगली मुले मागे राहतात.

आतल्या कडेला पाच सेंटिमीटर उंचीचा काठ, म्हणजे कर्ब, असलेल्या प्रमाणित ट्रॅकला दोन सरळ बाजू असतात, प्रत्येकी ८४.३९ मीटर. दोन अर्धवर्तुळांची कर्बपर्यंतची त्रिज्या ३६.५० मीटर. धावपटू कर्बला घासून धावत नाही, म्हणून पहिल्या लेनची लांबी कर्बपासून ३० सेंटिमीटर बाहेर, म्हणजे ३६.८० मीटर त्रिज्येवर मोजतात. या हिशेबाने दोन वळणे २३१.२२ आणि दोन सरळ बाजू १६८.७८, मिळून बरोबर ४०० मीटर. आपल्या बहुतेक महाविद्यालयांत मात्र कर्ब नसतो, फक्कीची नुसती रेघ असते. रेघ असेल तर मोजमाप ३० नव्हे, २० सेंटिमीटरवर घ्यायचे असते. त्यासाठी रेघेची त्रिज्या ३६.६० ठेवावी लागते. पुस्तकातला ३६.५० चा आकडा तसाच उचलला, तर फेरी ३९९.३७ मीटरची होते. एका फेरीत हे कुणाला जाणवत नाही. १०,००० मीटरच्या २५ फेऱ्यांत मात्र पावणेसोळा मीटर कमी धावले जातात, म्हणजे किलोमीटरला तीन मिनिटे या गतीने जवळजवळ तीन सेकंद. पुढे प्रमाणित ट्रॅकवर त्याच मुलाची वेळ ‘घसरली’ असा शेरा बसतो. तो मुलगा आहे तिथेच असतो.

स्टॅगरची चूक याहून मोठी आहे. ४०० मीटर शर्यतीत प्रत्येक लेनचा धावपटू किती पुढे उभा करायचा, त्याचा ७.०४, १४.७०, २२.३७ असा तक्ता सगळ्यांच्या वहीत असतो. हा तक्ता १.२२ मीटर रुंदीच्या लेनसाठी आणि कर्ब असलेल्या ट्रॅकसाठी आहे. जागा अपुरी म्हणून लेन एक मीटरच्या आखल्या, की तो लागू होत नाही. कर्ब नाही आणि लेन एक मीटरची, तर आकडे ६.२८, १२.५७ आणि १८.८५ असे येतात. तिथे चौथ्या लेनला २२.३७ दिले, तर त्या धावपटूला साडेतीन मीटर फुकट मिळतात. ५० सेकंदांच्या शर्यतीत ही तफावत ०.४४ सेकंदाची आहे. पहिला आणि तिसरा यांच्यात अनेकदा एवढेही अंतर नसते. लेन १.२२ ची पण कर्ब नसलेली असेल, तर दुसऱ्या लेनपासून ७.६७, १५.३३ आणि २३.०० हे आकडे घ्यावेत. सूत्र सोपे आहे: धावण्याच्या दोन रेषांच्या त्रिज्यांमधला फरक गुणिले दोन पाय (२π). दहावीच्या भूमितीपलीकडचे त्यात काही नाही.

मोजणीची पद्धतही सांगायला हवी, कारण खरी गडबड तिथे होते. कापडी टेप ताणली जाते आणि ओली झाली की आणखी बिघडते, म्हणून टेप स्टीलचीच घ्यावी. दोन्ही अर्धवर्तुळांचे केंद्रबिंदू एकमेकांपासून ८४.३९ मीटरवर पक्के करून तिथे काँक्रीटमध्ये लोखंडी खुंट्या जमिनीच्या पातळीला गाडाव्यात. दरवर्षी फक्की नव्याने मारावी लागते, पावसात ती वाहून जाते. खुंट्या राहिल्या की दुसऱ्या वर्षी आखणीला पूर्ण दिवस लागत नाही. काटकोन डोळ्यांनी न ठरवता ३०, ४० आणि ५० मीटरच्या त्रिकोणाने काढावा. चुना वापरू नये. तो डोळ्यांत गेला तर इजा होते.

आठ लेनच्या ट्रॅकला सुमारे १७७ बाय ९३ मीटर, म्हणजे साधारण चार एकर जागा लागते. इतकी जागा प्रत्येक महाविद्यालयाकडे असणार नाही, हे उघड आहे. तिथे २०० मीटरचा ट्रॅक आखला तरी चालेल, पण मग ४०० मीटरला दोन फेऱ्या होतात आणि सगळे अंतर लेनमध्येच धावायचे असेल तर स्टॅगर दुप्पट होतो, हे ध्यानात ठेवावे. १०० मीटरच्या सरळ मार्गापुढे किमान १७ मीटर मोकळी जागा हवी. काही मैदानांवर अंतिम रेषेनंतर लगेच कुंपणाची भिंत येते आणि मुले शेवटचे दहा मीटर आपोआप वेग कमी करतात. अशा ठिकाणी आरंभरेषा आणि अंतिम रेषा दोन्ही तेवढ्याच मागे सरकवणे हाच उपाय.

खान्देशची जमीन हा वेगळा प्रश्न आहे. तापी, गिरणा, पांझरेच्या खोऱ्यांतली काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. तिच्यावर थेट मुरूम पसरला तर दुसऱ्या वर्षी ट्रॅकला लाटा येतात. काळी माती निदान दीड-दोन फूट काढून टाकावी. खाली दगडगोट्यांचा थर, त्यावर कडक मुरूम, सर्वांत वर चाळलेला बारीक मुरूम, आणि प्रत्येक थर पाणी मारून रोलरने दाबलेला असावा. आडवा उतार आतल्या बाजूला, तोही शंभराला एकपेक्षा जास्त नको; धावण्याच्या दिशेने हजाराला एक. आतल्या कडेने पाण्याचा चर काढला नाही, तर पहिली लेन दसऱ्यापर्यंत चिखलातच राहते आणि सरावात सगळी मुले दुसऱ्या-तिसऱ्या लेनमध्ये धावतात. हे काम उन्हाळ्यात उरकावे लागते. पाऊस लागल्यावर दाबलेला मुरूम बसत नाही.

आता वेळेबद्दल. महाविद्यालयीन स्पर्धांत आरंभाला बहुधा क्लॅपर, म्हणजे एकमेकींवर आपटून आवाज करायच्या दोन फळ्या, असतो आणि अंतिम रेषेवर स्टॉपवॉच. आवाज १०० मीटर यायला साधारण ०.३ सेकंद घेतो. वेळाधिकाऱ्याने आवाज ऐकून घड्याळ सुरू केले, तर वेळ तेवढी कमी येते. नियम असा आहे, की घड्याळ पिस्तुलाच्या धुरावर किंवा ठिणगीवर सुरू करायचे. क्लॅपर असेल तर त्याच्या फळ्या मिटताना पाहून. फळ्यांना आतून एक रंग, बाहेरून दुसरा दिला की लांबूनही स्पष्ट दिसते. एका धावपटूसाठी तीन घड्याळे असावीत, तिन्ही वेळा वेगळ्या आल्या तर मधली धरावी आणि ती पुढच्या दशांशाला न्यावी, म्हणजे ११.३१ आली तर ११.४ लिहावी. हाताने घेतलेली १०० आणि २०० मीटरची वेळ विद्युत वेळेशी ताडताना ०.२४, आणि ४०० मीटरला ०.१४ सेकंद मिळवतात. आवाजावर सुरू केलेल्या घड्याळातली ११.३ ही विद्युत घड्याळात ११.८ च्या आसपास निघते. पुढच्या स्पर्धेत खान्देशची मुले पहिल्याच फेरीत बाद होतात त्यामागे अनेकदा हेच असते: ती मंदावलेली नसतात, त्यांची खरी वेळ त्यांना कुणी सांगितलेलीच नसते.

फोटोफिनिशचा, म्हणजे अंतिम रेषेवरच्या चित्रणातून क्रम आणि वेळ ठरवणाऱ्या यंत्रणेचा, एक संच विद्यापीठाने घ्यावा आणि तिन्ही जिल्ह्यांत फिरवावा. तो येईपर्यंत निदान क्रम ठरवण्यासाठी अंतिम रेषेच्या सरळ रेषेत, थोड्या उंचीवर तिपाईवर मोबाइल लावून संथ गतीचे चित्रण करावे. सेकंदाला २४० चौकटी घेणारे मोबाइल आज सहज मिळतात. रेषेच्या अलीकडच्या कडेला आधी कुणाचे धड पोचले ते पाहायचे. डोके, हात, पाय धरायचे नाहीत.

नियम बदलले तरी आखणी बदलत नाही, हाही अनुभव सगळीकडचा. ४ बाय १०० रिलेचे बॅटन बदलण्याचे क्षेत्र आता ३० मीटरचे आहे, तरी अजून २० मीटरचे क्षेत्र आणि मागे दहा मीटरची वेगळी खूण आखलेली दिसते. (४ बाय ४०० ला २० मीटरच कायम आहे.) लांब उडीत पायाचा कोणताही भाग उडी घेताना फळीच्या पुढच्या उभ्या पातळीपलीकडे गेला की फाउल, हा नियम १ नोव्हेंबर २०२१ पासून आला. गोळाफेकीच्या क्षेत्राचा ३४.९२ अंशांचा कोन कोनमापकाने काढायला जाऊ नये. केंद्रापासून २० मीटरवरच्या दोन टोकांमध्ये बरोबर १२ मीटर अंतर ठेवले की तो आपोआप मिळतो. भालाफेकीला तेच अंतर १० मीटर. मुलांचा गोळा ७.२६ किलोचा आहे का, हेही स्पर्धेआधी वजनकाट्यावर पाहावे. जुने गोळे गंजून हलके होतात.

हे सगळे विद्यापीठाने मनावर घ्यावे, याला एक जुने कारण आहे. १९४५ मध्ये अमळनेरला प्रताप महाविद्यालय सुरू झाले तेव्हा खान्देशची महाविद्यालये मुंबई विद्यापीठाकडे होती, १९४९ नंतर पुण्याकडे. एका दाखल्यासाठी रात्रभर प्रवास करावा लागे. १५ ऑगस्ट १९९० ला उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ झाले ते ही दगदग संपावी म्हणूनच. पहिले कुलगुरू डॉ. एन. के. ठाकरे गणिताचे प्राध्यापक होते. विद्यापीठाची गणितीय विज्ञान प्रशाळा आजही गिरणाकाठच्या परिसरात चालते. तिन्ही जिल्ह्यांतली मैदाने मोजून देणे हे त्या प्रशाळेचे आणि महाविद्यालयांतल्या गणित विभागांचे काम का असू नये? नव्या शैक्षणिक धोरणात सह-अभ्यासक्रमाचे श्रेयांक क्रीडेसाठी मिळतात. प्रात्यक्षिकाचा एक श्रेयांक म्हणजे ३० तास. दोन श्रेयांकांच्या ६० तासांत विद्यार्थी ट्रॅक आखायला, वेळ घ्यायला आणि निकालपत्रक लिहायला सहज शिकतील. स्पर्धेच्या दिवशी पंच कमी पडतात ही तक्रारही त्यातून बरीच मिटेल.

अंतराचा प्रश्न मैदानापुरता नाही. धडगाव, मोलगी, अक्कलकुवा भागातल्या मुलाला आधी नंदुरबार गाठावे लागते आणि तिथून सुरत-भुसावळ मार्गावरची गाडी धरून जळगाव. रात्रभर जागून आलेला पोरगा सकाळी ५,००० मीटर धावतो. सातपुड्यातल्या या मुलांची ताकद लांब पल्ल्यात आहे. शेजारच्या नाशिक जिल्ह्यातल्या हरसूल पट्ट्यातून आलेल्या कविता राऊत यांनी २०१० च्या दिल्ली राष्ट्रकुल स्पर्धेत १०,००० मीटरमध्ये कांस्यपदक मिळवले, ते अशाच डोंगरी मुलखातून. म्हणून ५,००० आणि १०,००० मीटरची प्राथमिक चाचणी नंदुरबार जिल्ह्यातच व्हावी, आणि जळगावला येणाऱ्यांची मुक्कामाची सोय आदल्या दिवशी असावी. फेऱ्या मोजणारा माणूस प्रत्येक धावपटूमागे स्वतंत्र हवा. २०० मीटरच्या मैदानावर १०,००० म्हणजे ५० फेऱ्या, आणि तिथे एक फेरी चुकल्याचे वाद दरवर्षी होतात.

आमची विनंती विद्यापीठाच्या क्रीडा व शारीरिक शिक्षण विभागाला आहे. प्रत्येक जिल्ह्यात एक मैदान निवडून ते पक्क्या खुंट्यांसह मोजावे. स्पर्धेच्या निकालपत्रकासोबत मोजणीचा तक्ता जोडावा: ट्रॅकची लांबी, लेनची रुंदी, कर्ब आहे की नाही, कोणता स्टॅगर वापरला, वेळ हाताने घेतली की विद्युत घड्याळाने. हा तक्ता महाविद्यालयांना स्पर्धेच्या आदल्या दिवशी पाहायला मिळावा, म्हणजे हरकत शर्यतीनंतर नव्हे, शर्यतीआधी घेता येईल.

आपले,
खान्देशातील काही महाविद्यालयीन क्रीडाशिक्षक