लेमिंग्टनच्या काकांना जाहीर आभारपत्र

ती. काकांस,
सा. न. वि. वि.

घरी येऊन आभार मानायला गेलं की तुम्ही चहा टाकता आणि विषय बदलता. म्हणून हे चारचौघांत लिहिते आहे.

2022 च्या कॉमनवेल्थची लॉन बोल्स, म्हणजे हिरवळीवर चेंडू घरंगळवायचा खेळ, बर्मिंगहॅमला नाही, आपल्या लेमिंग्टनच्या व्हिक्टोरिया पार्कात होती. सांगलीहून आलेल्या माझ्या बाबांना तुम्ही तिथे जवळजवळ ओढतच नेलंत. बाबा कबड्डीवाले. ‘म्हाताऱ्यांच्या गोट्या’ म्हणून ते खुर्चीत रेलून बसले होते. तेव्हा तुम्ही सहज म्हणालात, “ती आपली कॅप्टन, रूपा राणी तिर्की, आधी कबड्डी खेळायची.” बाबा सरळ बसले. पुढचा अख्खा दिवस त्यांनी चहासुद्धा मागितला नाही!

मग तुम्ही त्यांना खेळ उलगडून दाखवलात. चेंडू पूर्ण गोल नसतो. आत शिसं वगैरे काही नाही, घडणच एका अंगाला वेगळी, म्हणून वेग कमी होत जातो तसा तो त्या बाजूला वळतो. जॅकवर, म्हणजे ज्याच्या जवळ पोचायचं त्या छोट्या चेंडूवर, नेम धरून सरळ टाकला तर तो भलतीकडेच जाणार. फोर्समध्ये, म्हणजे चौघींच्या संघात, प्रत्येकीला एका फेरीत दोनच चेंडू. रूपा राणी स्किप, म्हणजे आधीच्या तिघी टाकत असताना ती पलीकडच्या टोकाला उभी राहून हाताने खुणा करणार आणि स्वतः सगळ्यांत शेवटी टाकणार. आधी बिघडलेलं सगळं तिनेच निस्तरायचं. जॅकला लागलेल्या चेंडूवर खडूची खूण का करतात, हे बाबांनी तुम्हाला तीनदा विचारलं. खूण असलेला चेंडू कडेच्या चरात पडला तरी जिवंत राहतो, हे तुम्ही तिन्ही वेळा तितक्याच उत्साहाने सांगितलंत.

न्यूझीलंडला 16-13 ने हरवल्यावर 2 ऑगस्टला दक्षिण आफ्रिकेशी अंतिम सामना. आपली मोठी आघाडी त्यांनी भरून काढली तेव्हा मला बघवेना. तुम्ही मात्र शांतपणे रूपा राणीची हकिगत सांगत होतात. 2010 ला दिल्लीत भारत या खेळात पहिल्यांदा उतरला तेव्हा ती आणि आताच्या संघातलीच पिंकी ट्रिपल्समध्ये, म्हणजे तिघींच्या संघात, होत्या आणि चौथ्या आल्या, म्हणजे पदक एका पायरीने हुकलेलं. त्यानंतर बारा वर्षं, या खेळाकडे आपल्याकडे कुणी ढुंकून बघत नसताना, ती खेळत राहिली. बरोबरच्यांचंही तेच. लव्हली चौबे झारखंड पोलिसात, पूर्वी धावपटू. आसामची नयनमोनी सैकिया आधी वेटलिफ्टर. पिंकी दिल्लीत शाळेत पीटी शिकवते. शेवटी 17-10. लॉन बोल्समधलं भारताचं पहिलंच कॉमनवेल्थ पदक, तेही सोन्याचं. तुम्ही नसता तर मी फक्त आकडा बघितला असता. आणि खरं सांगायचं तर आपल्या वर्तमानपत्रांनीही दोन दिवसांपलीकडे फारसं काही बघितलं नाही.

पण माझे खरे आभार त्यानंतरच्या आठवड्यांसाठी आहेत. रिटायर झाल्यापासून ‘आता काय उरलंय’ हे बाबांचं पालुपद होतं. तुम्ही त्याला उत्तर दिलं नाहीत, याच खेळातल्या डेव्हिड ब्रायंट यांची गोष्ट सांगितलीत. पेशाने शिक्षक, तोंडात कायम पाइप, 1966 ला जगज्जेते, 1980 ला पुन्हा आणि 1988 ला तिसऱ्यांदा, तेव्हा वय 56. मग क्लबात नेऊन बाबांचे दोन्ही पंजे चेंडूभोवती धरायला लावलेत. अंगठ्याला अंगठा आणि मधल्या बोटाला मधलं बोट टेकलं, की चेंडू मापाचा. सपाट तळाचे बूट तुमचेच दिलेत, एक नंबर मोठे होते तरी. पहिला चेंडू शेजारच्या पट्टीत गेला तेव्हा तुम्ही हसला नाहीत, हे बाबा अजून फोनवर सांगतात.

ते पुढच्या मे महिन्यात येताहेत. बूट ते सांगलीहून स्वतःचे आणणार आहेत, तेवढे त्यांच्या मापाचे चार चेंडू मात्र कुणाला देऊ नका. आणि काकूंना सांगा, यंदा चहा आमच्याकडे.

तुमची,
पलीकडच्या गल्लीतली लेक