माळरानावर खड्डे नकोत : वनमंत्र्यांना खुले पत्र

मा. वनमंत्री महोदय,
महाराष्ट्र राज्य, यांस
स. न. वि. वि.

पावसाळा तोंडावर आला की रोपांच्या गाड्या निघतात. गावठाणात, रस्त्याकडेला, तोडलेल्या जंगलात त्या जरूर जाव्यात. पण बारामती, इंदापूर, दौंड, कर्जत, माण-खटाव, सोलापूर या भागातल्या मोकळ्या माळांवर त्या नेऊ नयेत, एवढ्यासाठी हे पत्र.

हा सगळा मुलूख सह्याद्रीच्या पर्जन्यछायेतला. बऱ्याच ठिकाणी वर्षाचा पाऊस 500 ते 600 मिलिमीटरच्या आसपास, तोही लहरी. पुढचे सात-आठ महिने कोरडे. खाली मुरूम, वर वीतभर माती. इथे घनदाट जंगल उगवत नाही. गवत आणि मधूनमधून एखादे झाड, हेच इथले निसर्गाचे रूप. शाळेत आफ्रिकेचा सॅव्हाना शिकवतात, त्याच कुळातला हा प्रदेश. आपल्या हिंगणबेट या काटेरी झाडाचे गोत तर थेट आफ्रिकेपर्यंत पोहोचते.

या झाडागवतांनी दुष्काळाशी जुळवून घेतले आहे, ते जवळून पाहण्यासारखे आहे. कुसळी हे गवत घ्या. मेंढरांच्या लोकरीत रुतणारे तिचे कुसळ ओल लागली की पीळ सोडते, वाळले की पुन्हा पीळ घेते आणि या फिरण्यात बी मातीत खुपसले जाते. पवन्या, मारवेल या गवतांचे फुटव्याचे डोळे जमिनीलगत असतात; वरचे गवत जनावरांनी खाल्ले किंवा जळाले तरी पाऊस पडताच फुटवे येतात. (म्हणून वणवे लावावेत असे नव्हे, दरवर्षीच्या वणव्याने माळाचेही नुकसानच होते.) पळस बुंध्याशी जळाला तरी मुळातून फुटतो. हिवराचे झाड काटे आणि बारीक पाने घेऊन छत्रीसारखे पसरते, त्याच्या शेंगा शेळ्यामेंढ्या खातात आणि बी लेंडीतून लांबवर जाते. कंदीलपुष्प या रानफुलाच्या काही जाती तर उन्हाळाभर जमिनीखाली कंदाच्या रूपात दडून राहतात. मे महिन्यात गेलेल्या माणसाला यातले जवळजवळ काहीच दिसत नाही आणि माळ ओसाड वाटतो.

मग तिथे चर खणले जातात, गिरिपुष्प हे बाहेरून आणलेले झाड लावले जाते. राज्याने 2017 ते 2019 या तीन पावसाळ्यांत 50 कोटी रोपांचे उद्दिष्ट ठेवले होते, त्यातले 33 कोटी एकट्या 2019 मध्ये. एवढे आकडे गाठायचे तर जागा लागते, आणि सरकारी नोंदीत पडीक ठरलेला माळ सहज हाताशी येतो. मध्य अमेरिकेतला गिरिपुष्प तिथे दाटला की सावलीत इथले गवत खुरटते. गवतामागोमाग धनगरांची चराई जाते. चिंकारा, खोकड (लहान कोल्हा), लांडगा यांची हक्काची जागा जाते. माळढोक या मोठ्या पक्ष्याला चौफेर मोकळी जमीन लागते. त्याच्यासाठी 1979 मध्ये अभयारण्य जाहीर झाले, तरी आज त्या अभयारण्यातल्या, सोलापूरजवळच्या नान्नजला तो दिसणे दुर्मीळ झाले आहे. त्याची कारणे अनेक आहेत. निदान त्यांत आपण रोपांची भर घालू नये.

झाडांनी कार्बन साठतो, हे उत्तर मला ठाऊक आहे. माळाचा बराचसा कार्बन मुळांत आणि मातीत असतो, आणि चर खणताना नेमकी तीच माती उलथली जाते.

पुणे वन विभागाने इंदापूर-बारामतीत गवताळ प्रदेशाची सफारी सुरू केली, याचा मला मनापासून आनंद झाला. ज्या माळासाठी पर्यटकांना नेतो, तसाच माळ शेजारच्या गटात खणला जाऊ नये. 2026 हे वर्ष संयुक्त राष्ट्रांनी कुरणे आणि पशुपालकांचे आंतरराष्ट्रीय वर्ष म्हणून जाहीर केले आहे. त्या निमित्ताने या माळांची नैसर्गिक गवताळ प्रदेश म्हणून स्वतंत्र नोंद करावी, आणि गिरिपुष्प दाटलेल्या जागी तो टप्प्याटप्प्याने काढून स्थानिक गवताचे बी पेरावे. हे काम तिथे मेंढरे चारणाऱ्या धनगरांना विचारून व्हावे. कोणते गवत कुठे येते हे त्यांच्याइतके कोणाला माहीत नाही.

लागवडीसाठी माळाची पाहणी सप्टेंबर-ऑक्टोबरात, गवत फुलोऱ्यात असताना करण्याचा आदेश द्यावा, आणि तशी पाहणी होईपर्यंत यंदाच्या यादीतले माळाचे गट नंबर थांबवावेत.

कळावे,

आपला नम्र,
माळाकाठचा एक रहिवासी